मधला आवाज

आमच्याकडे गाणं एकट्यानं म्हणत नाहीत.
तीन गळे लागतात: वरचा, मधला,
आणि खाली जमिनीसारखा पसरलेला खर्ज.
त्याला आम्ही बानी म्हणतो.

मी मधली.
मधला आवाज एकटा गायला
तर ते गाणं वाटतच नाही,
कुणी किराण्याचा हिशेब पुटपुटतंय असं वाटतं.

चियातुराहून निघाले तेव्हा तेओना नऊ वर्षांची होती.
दोन वर्षांत येते, म्हणाले.
सगळ्याच म्हणतात.
बागेत एक नाझिब्रोला भेटते,
तिची दोन वर्षं गेली चौदा वर्षं चालू आहेत.

इथे बारीत, चौथ्या मजल्यावर,
सिन्योरा अदोलोराता. वय एक्क्याण्णव,
वजन चव्वेचाळीस किलो.
मला कोंचेत्ता म्हणते. तिची बहीण, केव्हाच गेलेली.
मी ओ देते.
ओ देण्याचाच तर पगार आहे.

रात्री दोनला जुना फ्रिज घरघरू लागतो,
एकच सूर, खालचा, न हलणारा.
झाउरीपेक्षा बरी बानी धरतो.
झाउरी दोन पेले पोटात गेले की घसरायचा;
आता तोही पोलंडमध्ये ट्रक भरतो म्हणे.
मी फ्रिजला पाठ टेकून, हळू आवाजात:

पुढच्या वसंतात येईन, आई,
छपराला पत्रा घेऊन येईन,
मग पाऊस आपल्या घरात
विचारून येईल.

कुणी रचलं, ठाऊक नाही.
खाणीवर आलेली माणसं म्हणायची,
नदीवर झुलणाऱ्या पाळण्यात उभी राहून.
तेव्हा परदेश म्हणजे दोन डोंगरांपलीकडचं गाव.
गाणं तेवढंच राहिलं,
वाट तेवढी वाढली.

एका रात्री सिन्योरानं डोळे उघडले
आणि स्वतःचंच काही सुरू केलं,
तिच्या गावच्या बोलीत. मला एकच शब्द कळला: कोळसा.
भिंतीवर नवऱ्याचा फोटो आहे,
बेल्जियमच्या खाणीच्या दारात चाळीस जण,
तोंडं काळी, दात तेवढे पांढरे.
नशीब काढायला गेला;
येताना एक शिवणयंत्र आणलं आणि खोकला.
यंत्र अजून चालतं.

आमचे सूर जुळले असं म्हणणार नाही.
जुळले नाहीत.
ती तिच्या कोळशात, मी माझ्या पत्र्यात,
आणि फ्रिज दोघींच्या खाली, इमानेइतबारे.

गुरुवारी दुपारी सुट्टी.
स्टेशनसमोरच्या बागेशी गोचाची गाडी लागते.
तो काटा हातात धरून म्हणतो, सव्वीस किलो.
मी कपड्यांची पावडर काढते,
तेल काढते,
बूट राहू देते.
नंबर अंदाजानेच घेतलाय.
आठ वर्षांत पाय किती वाढतो
हे दुकानदाराला विचारायची लाज वाटली.

छप्पर झालं. निळा पत्रा.
तेओनानं फोन वर धरून पाऊस ऐकवला.
खूप वेळ.
मी म्हटलं, बिल वाढेल,
ती म्हणाली, आई, आता बिल येत नाही.

रविवारी आम्ही गाऊन बघतो.
तिचा आवाज वरचा, माझ्या आईसारखा,
पण फोनवर क्षणभर उशिरा पोचतो.
मी तिच्यासाठी सूर लांबवते,
ती माझ्यासाठी थांबते,
मग दोघीही गप्प, मग हसू.
तिनं तरी किती थांबायचं?
ती पुढच्या ओळीवर निघून जाते,
मी अजून पत्रा डोक्यावर घेऊन पायरीशी.

काल म्हणाली, जर्मनच्या वर्गाला जाते.
त्या निळ्या छपराखाली बसून
क्रियापदं पाठ करते.
नर्सिंगला मुली हव्यात तिकडे,
दोन वर्षांचा तर करार.

मी हो म्हटलं. काय म्हणणार?
फक्त तिला अजून
मधला आवाज शिकवला नव्हता.
तो आता शिकवते आहे, रविवारी, तुकड्या-तुकड्यानं.

फ्रिज काय,
तिकडेही असेलच.